जन्मनोंदीपासून पंधराव्या वर्षापर्यंत : बालकांच्या आधार क्रमांकाची वाटचाल

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे आदिवासी वस्तीचे एक लहानसे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत या गावातील रहिवाशांना देशातील पहिले आधार क्रमांक प्रदान करण्यात आले. त्या दिवशी राज्यात जी मुले पाळण्यात होती, ती २०२५ मध्ये पंधराव्या वर्षात आली व पुढे गेली. ज्या पिढीला शासकीय ओळख क्रमांक शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच मिळाला, अशी ही पहिलीच पिढी होय. तिच्या आईवडिलांना तो मिळाला प्रौढपणी, रांगेत उभे राहून, आणि आजीआजोबांपैकी अनेकांना तर आपली जन्मतारीखच ठाऊक नव्हती.

आधार क्रमांक एकदा मिळाला की काम संपले, असा समज घरोघरी आढळतो. प्रौढांच्या बाबतीत तो बव्हंशी खरा आहे. बालकांच्या बाबतीत मात्र तो चुकीचा असून त्याचे परिणाम मुलांना भोगावे लागतात. पाच वर्षांखालील बालकाला जो क्रमांक दिला जातो, तो त्याच्या स्वतःच्या ओळखखुणांवर नव्हे, तर त्याच्या आईच्या वा वडिलांच्या ओळखीवर दिलेला असतो. मुलाचा स्वतःचा पुरावा पाचव्या वर्षी प्रथम घेतला जातो आणि पंधराव्या वर्षी पुन्हा एकदा. या दोन टप्प्यांपैकी एखादा चुकला, तर क्रमांक कागदावर राहतो. परंतु नेमका गरजेच्या वेळी तो उपयोगी पडत नाही.

पाया जन्मनोंदीचा

बालकाच्या आधार नोंदणीसाठी पहिला दस्तऐवज लागतो तो जन्मदाखल्याचा. यास्तव क्रमांकाची कथा आधार केंद्रात सुरू होत नाही. ती ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत सुरू होते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये प्रत्येक जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क करता येते. रुग्णालयात जन्म झाल्यास ती माहिती कळविण्याची जबाबदारी रुग्णालयावर असते, घरी जन्म झाल्यास कुटुंबप्रमुखावर. एकवीस दिवस उलटल्यावर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत विहित अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने नोंद होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. मजुरी बुडवून तहसीलच्या ठिकाणी फेऱ्या घालाव्या लागणाऱ्या कुटुंबाला हा फरक किती महाग पडतो, हे सांगणे नको.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला एका जुन्या रीतीचा सामना करावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी होते. कायद्यानुसार जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते, मूल जेथे वाढणार तेथे नव्हे. साहजिकच सासर साताऱ्याचे आणि जन्मदाखला सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या गावचा, असे घडते. दुसरी अडचण बारशाची. नाव बाराव्या दिवशी किंवा त्याहूनही पुढे ठरते. रुग्णालयातून कागद मात्र दोनतीन दिवसांतच निघतो. परिणामी असंख्य नोंदी नावाविना होतात व पुढे त्यांत नाव घालावयाचे राहून जाते. अशा नोंदीत १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येते. ही सवलत ठाऊक नसल्यामुळे शाळेत जाईपर्यंत थांबणारे पालक पुष्कळ. मग माहेरच्या गावी जाण्याची धावपळ ऐन प्रवेशाच्या दिवसांत करावी लागते.

जन्मनोंद नसली की काय होते, याचा एक नमुना राज्यातील ज्येष्ठ पिढीत गावोगाव पाहावयास मिळतो. एकाच गावातील दहा माणसांची जन्मतारीख १ जून निघते. शाळा जूनमध्ये सुरू होत असे. पाल्याचा जन्म अमक्या दुष्काळात किंवा तमक्या जत्रेच्या आसपास झाला, एवढेच पालक सांगत. आणि गुरुजी वयाचा अंदाज बांधून १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. त्या तारखेवर पुढे नोकऱ्या लागल्या आणि माणसे निवृत्तही झाली. ही पद्धत त्या काळी निभावली, कारण तारीख एकाच नोंदवहीत राहत असे. आजची तारीख डझनभर संगणकीय नोंदींत एकमेकींशी ताडून पाहिली जाते.

या दृष्टीने २०२३ मधील सुधारणा महत्त्वाची आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या या सुधारणेनुसार, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या शाळाप्रवेशासाठी, वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी, मतदारयादीसाठी, विवाहनोंदणीसाठी व आधार क्रमांकासाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच ग्राह्य धरला जातो. राज्यानेही २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे असे ठरले. आईच्या नावाला मिळालेला हा मान उशिराचा असला तरी रास्त आहे. मात्र त्यामुळे एकाच घरातील थोरल्या व धाकट्या भावंडांची नावे दोन पद्धतींनी लिहिली जाऊ शकतात, हे पालकांनी ध्यानी घ्यावयास हवे.

बारा अंकांची घडण

आधार क्रमांक १२ अंकी असतो, हे सर्वांस माहीत आहे. तो कसा ठरतो, हे फारसे माहीत नाही. क्रमांक यदृच्छेने निवडला जातो. त्यात जिल्हा, जात, धर्म, लिंग वा जन्मवर्ष यांपैकी कशाचीही खूण नसते. क्रमांकाच्या आरंभी ० किंवा १ हे अंक येत नाहीत, आणि अखेरचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला तपासणी अंक असतो. ही रीत डच गणितज्ञ जेकोबस व्हर्होफ याने १९६९ मध्ये मांडली. क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तपासणी अंक जुळत नाही व चूक तेथेच पकडली जाते. या नियमांत बसणारे सुमारे ८,००० कोटी क्रमांक होऊ शकतात. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कोणास पुन्हा दिला जात नाही, अशी तरतूद २०१६ च्या आधार अधिनियमात आहे.

सर्व देशांनी हीच वाट धरलेली नाही. स्वीडनने १९४७ मध्ये प्रत्येक नागरिकास दिलेल्या क्रमांकात जन्मतारीखच गुंफलेली आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा क्रमांक सोळावा वाढदिवस येण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत टपालाने घरी येतो, म्हणजे मूल कमावते होण्याच्या उंबरठ्यावर असताना. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा क्रमांक १९३६ मध्ये सुरू झाला, तोही कामगारांसाठी. मुलांना तो लहानपणीच देण्याची प्रथा रूढ होण्यामागे आयकराचा मोठा वाटा आहे. १९८६ च्या कर कायद्याने पाच वर्षांवरील अवलंबित मुलांचा क्रमांक विवरणपत्रात देणे बंधनकारक केले, आणि दुसऱ्याच हंगामात सुमारे ७० लाख अवलंबित व्यक्ती विवरणपत्रांतून नाहीशा झाल्या! त्यांतील कित्येक मुळात अस्तित्वातच नव्हत्या. १९८९ पासून तेथे जन्मनोंदीच्या अर्जाबरोबरच क्रमांक मागण्याची सोय देशभर झाली. भारतातील व्यवस्था या साऱ्यांहून एका बाबतीत निराळी आहे : येथे क्रमांकाची सांगड केवळ कागदाशी नव्हे, शरीराशी घातलेली आहे. आणि लहान मुलाचे शरीर वाढते असते. बालकांच्या आधारचा सारा प्रश्न येथून उद्भवतो.

बोटे लहान, ठसे अस्पष्ट

बोटांवरील रेषा गर्भातच तयार होतात व आयुष्यभर टिकतात. हे ज्ञान भारताच्या भूमीशी निगडित आहे. बंगालमधील जंगीपूर येथे १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला आणि पुढे अनेक वर्षे तो निरनिराळ्या लोकांचे ठसे जमवीत राहिला. फ्रान्सिस गाल्टन याने १८९२ च्या आपल्या ग्रंथात ज्या ठशांची तुलना केली, त्यांत एका मुलाचे अडीच वर्षे वयाचे व पंधराव्या वर्षीचे ठसे होते. रेषांची ठेवण तीच राहते, हे त्यावरून दिसून आले. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय स्थापन झाले. तेथील अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाच्या पद्धतीत मोलाची भर घातली.

मग तान्ह्या मुलाचे ठसे का घेत नाहीत? रेषा असतात, पण त्या फार बारीक व एकमेकींना लागून असतात. कातडी मऊ असते, मूल बोट स्थिर ठेवीत नाही. नेहमीच्या यंत्रावर उमटणारा ठसा पुढे ताडून पाहण्याजोगा नसतो. बुबुळाच्या प्रतिमेसाठी डोळे उघडे ठेवून यंत्राकडे पाहावे लागते, तेही लहानग्याकडून होणे कठीण. म्हणून पाच वर्षांखालील बालकाचे केवळ छायाचित्र, नाव, जन्मतारीख, लिंग व पत्ता एवढीच माहिती घेतली जाते. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचा आधार क्रमांक बालकाच्या नोंदीशी जोडला जातो व त्यांना आपल्या ओळखीची खातरजमा करून द्यावी लागते. या वयोगटातील कार्ड निळ्या रंगाचे असते. पोस्टमनमार्फतही ही नोंदणी होते, कारण तिच्यासाठी ठशांचे अवजड साहित्य लागत नाही.

प्रौढ व्यक्तीची नोंदणी होते तेव्हा तिचे दहा बोटांचे ठसे व दोन बुबुळे आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहिली जातात. एका व्यक्तीस दोन क्रमांक जाऊ नयेत हा त्यामागील उद्देश. बालकाच्या बाबतीत अशी पडताळणी शक्य नसते. आजोळी एकदा आणि घरी एकदा अशी दोनदा नोंदणी झालेली असेल, तर ती बाब मुलाचे ठसे प्रथम घेतले जातात तेव्हा उघडकीस येते. त्या वेळी कोणता क्रमांक ठेवावयाचा हा प्रश्न निर्माण होतो, आणि तोपर्यंत शाळेत एक व अंगणवाडीत दुसरा क्रमांक नोंदला गेलेला असला तर गुंता वाढतो.

पाचवे आणि पंधरावे वर्ष

मूल पाच वर्षांचे झाले की त्याचे ठसे, बुबुळे व नवे छायाचित्र देणे अनिवार्य आहे. क्रमांक तोच राहतो. त्याच्या पाठीशी मुलाचा स्वतःचा पुरावा उभा राहतो. पंधराव्या वर्षी हीच क्रिया पुन्हा करावयाची, कारण मधल्या दहा वर्षांत हात वाढतो व चेहरामोहरा बदलतो. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयांत हे अद्ययावतीकरण विनामूल्य होते. सात ते पंधरा या वयातील राहून गेलेल्या मुलांसाठीचे शुल्कही १ ऑक्टोबर २०२५ पासून एका वर्षाकरिता माफ करण्यात आले. सातव्या वर्षानंतरही ठसे दिले नाहीत तर क्रमांक निष्क्रिय होऊ शकतो, असे प्राधिकरणाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

या टप्प्यांची वेळ पाहिली म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. पाचव्या वर्षी मूल पहिलीच्या दाराशी असते. पंधराव्या वर्षी ते नववी-दहावीत असते. दहावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज येतो, वसतिगृह येते, प्रवेश परीक्षा येतात. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. ज्या विद्यार्थ्याच्या नोंदीत अद्याप पाच वर्षे वयाच्या मुलाचे छायाचित्र व ठसे आहेत, त्याचे बोट यंत्र ओळखत नाही. अडचण समोर येते ती अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात, आणि आधार केंद्रावर गर्दी असते तीही त्याच आठवड्यात.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. शहरातील नोकरदार पालक एका शनिवारी हे काम उरकू शकतो. बीड किंवा पाथर्डीकडील ऊसतोड कुटुंब दिवाळीनंतर गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. मूल पाच वर्षांचे होते ते कारखान्याच्या तळावर; पंधराचे होते ते कदाचित उसाच्या फडात. आधार केंद्रात नेण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते, पत्त्याचा पुरावा गावी राहिलेला असतो, आणि वडिलांचा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक दोन वर्षांपूर्वीच बदललेला असतो. त्या जुन्या क्रमांकावर संकेतांक जात राहतो व घरात तो कोणालाच मिळत नाही. ज्या मुलांना शिष्यवृत्तीची व पोषण आहाराची सर्वाधिक गरज, त्यांच्याच नोंदी अपुऱ्या राहण्याचा धोका अधिक. म्हणूनच मुलांना केंद्रापर्यंत बोलाविण्यापेक्षा यंत्र शाळेपर्यंत नेणे हाच उपाय सयुक्तिक ठरतो. शाळांमधून अशी शिबिरे घेण्याचे धोरण आता स्वीकारण्यात आले असून, कोणत्या विद्यार्थ्याचे ठसे द्यावयाचे राहिले आहेत हे शाळांच्या संगणकीय माहिती प्रणालीवर मुख्याध्यापकांना पाहता येते. आश्रमशाळा व साखर कारखान्यांचे तळ येथे ही शिबिरे हंगाम पाहून घेतली तरच त्यांचा खरा लाभ होईल.

एक नाव, अनेक स्पेलिंगे

शाळेत मुलाला आणखी क्रमांक मिळतात. महाराष्ट्रात २०१५ पासून 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्यांची नोंद होऊ लागली. केंद्राच्या प्रणालीत ११ अंकी स्थायी शिक्षण क्रमांक असतो, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ला अनुसरून पालकांच्या संमतीने दिला जाणारा १२ अंकी 'अपार' क्रमांक निराळाच. या सर्वांचा मेळ नावावर, जन्मतारखेवर व लिंगाच्या नोंदीवर बसतो, आणि नेमके येथेच गाडे अडते. मराठीत 'ज्ञानेश्वर' हे नाव एकाच प्रकारे लिहितात. इंग्रजीत कोणी ते डी या अक्षराने सुरू करतो, कोणी जे ने, तर कोणी जी ने. 'दीक्षा'त आय एक की ई दोन, 'शिंदे'त अखेरीस ई की ए, हे त्या दिवशी संगणकावर बसलेल्या माणसाच्या सवयीवर अवलंबून. माणसाच्या लेखी ही एकच मुलगी. यंत्राच्या लेखी मात्र तीन.

उपाय साधा आहे, पण तो आरंभीच करावयाचा असतो. जन्मदाखल्यावर इंग्रजी नाव कसे लिहिले आहे ते पाहून तेच अक्षरशः आधार केंद्रात सांगावे. पोचपावतीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी ती वाचून घ्यावी. वाचता येत नसल्यास शिक्षकाकडून अथवा अंगणवाडी सेविकेकडून वाचून घ्यावी. दुरुस्तीची संधी अमर्याद नाही. सर्वसाधारणपणे नाव दोनदा आणि जन्मतारीख व लिंग प्रत्येकी एकदाच बदलता येते. शिवाय आधार कार्ड हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मधील एका निकालात मान्य केले असून, नागरिकत्वाचा पुरावाही ते नाही, असे अधिनियमातच नमूद आहे.

क्रमांक नसला तर

क्रमांक नाही म्हणून मुलाला परत पाठविले, अशा तक्रारी अधूनमधून कानी येतात. याबाबत कायदा निःसंदिग्ध आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले; सहा ते चौदा वयोगटातील शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क आहे, ते उपकार नव्हेत, हे त्यामागील तत्त्व. बालकाच्या नोंदणीस आईवडिलांची किंवा पालकाची संमती आवश्यक ठरली. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात घातलेल्या कलमान्वये, ओळख पटविता आली नाही, क्रमांक दाखविता आला नाही, किंवा क्रमांक मिळालेलाच नाही, या कारणास्तव कोणत्याही बालकास शासकीय लाभ नाकारता येत नाही. पोषण आहाराच्या ताटाला हे कलम लागू आहे. ते प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर असावयास हवे.

त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. ज्याचा क्रमांक आईवडिलांनी त्याच्या वतीने घेतला, त्याला वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो रद्द करण्यासाठी अर्ज करण्याचा अधिकार आहे. टेंभलीच्या त्या कार्यक्रमाच्या सुमारास जन्मलेली मुले २०२८ मध्ये या वयात येतील. त्यापूर्वी, सतरा वर्षे पूर्ण होताच, त्यांना मतदारयादीसाठी आगाऊ अर्ज करता येईल. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांपैकी अठरावे वर्ष पूर्ण झाल्यावर जो प्रथम येईल, त्या दिनांकास अनुसरून त्यांचे नाव यादीत येईल. त्या अर्जावर मात्र आईवडिलांची नव्हे, त्यांची स्वतःची सही असेल.